कोण बोलले आणि दाराखाली कोण आहे : गॅरेजच्या आवाजी दाराची कुळकथा

अमेरिकेतील उपनगरांमध्ये घराला लागूनच गाडी ठेवण्याची जी खोली असते तिला तिथे गॅरेज म्हणतात, आणि छताकडे सरकत जाणारे तिचे रुंद दार हा त्या घराचा सर्वांत मोठा व सर्वांत जड असा हलता भाग असतो. हे दार आज स्वयंपाकघरात बसून नुसते सांगून उघडता किंवा बंद करता येते. बोललेली आज्ञा ऐकून, तिचा अर्थ लावून ती यंत्राकडे पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला व्हॉइस असिस्टंट किंवा आवाजी सहायक म्हणतात. ही सोय अलीकडची असली तरी तिची कुळी शंभर वर्षे मागे जाते, आणि या शंभर वर्षांत माणसाचा हात दारापासून टप्प्याटप्प्याने दूर गेला. हाताबरोबर दोन गोष्टीही नकळत निघून गेल्या, आणि त्या दाराला प्रत्येक टप्प्यावर नव्याने शिकवाव्या लागल्या.

हाताने दार ओढणारा माणूस दारापाशीच उभा असतो. त्याला दार उघडण्याचा अधिकार आहे की नाही याचा निवाडा कुलूप-किल्ली करते, आणि दाराखाली मूल किंवा सायकल नाही ना, हे त्याचे डोळे पाहतात. दार कोण उघडतो आहे आणि दाराखाली कोण आहे, हे दोन्ही प्रश्न अशा दारापुढे वेगळे उभेच राहत नाहीत, कारण त्यांची उत्तरे माणसाच्या हजेरीतच असतात. ही हजेरी संपली तेव्हा पहिला प्रश्न चोरीचा झाला आणि दुसरा जिवाचा. आवाजी दाराची आजची घडण या दोन प्रश्नांतूनच समजून घ्यावी लागते.

मोटारगाडीच्या सुरुवातीच्या काळात गॅरेजला घोडागाडीच्या पागेसारखीच, बिजागऱ्यांवर बाहेर उघडणारी जड दारे असत, आणि त्यांच्यापुढे बर्फ साचले की ती उघडणे मुश्कील होई. सी. जी. जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाने १९२१ मध्ये आडव्या फळ्यांचे, बिजागऱ्यांनी जोडलेले आणि रुळांवरून वर सरकत छताखाली आडवे होणारे दार घडवले. या रचनेचा प्राण स्प्रिंगमध्ये आहे. दार खाली येताना स्प्रिंग ताणली किंवा पिळली जाते आणि वर जाताना तीच साठवलेली शक्ती परत देते. त्यामुळे दोन गाड्यांच्या गॅरेजचे सत्तर ते शंभर किलोंचे दारही नीट तोललेले असेल तर एका हाताने उचलता येते. दार तोललेले असल्यामुळेच ते उचलायला लहानशी मोटर पुरेशी ठरली, आणि १९२६ मध्ये जॉन्सननेच ज्यांना दार उचलणे जड जात होते त्यांच्यासाठी विजेवर चालणारे यंत्र आणले. हात आता दारावर नव्हता, भिंतीवरच्या बटणावर होता; पण बटण खोलीतच असल्याने माणसाची नजर अजून दारावर होती.

पुढचे पाऊल रेडिओलहरींचे होते. दूर ठेवलेल्या यंत्राला बिनतारी आज्ञा देता येते हे निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी बोट चालवून दाखवले होते, परंतु ही विद्या घरोघरी पोहोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा अमेरिकेत उपनगरे वाढली आणि मोटारीतूनच दार उघडणारे रिमोट १९५० च्या दशकापासून विकले जाऊ लागले. सुरुवातीचे रिमोट केवळ ठरावीक लहर सोडत आणि ती लहर ओळखणारे कोणतेही दार उघडे. साहजिकच एकाच बनावटीची यंत्रे शेजारी-शेजारी असली की एकाच्या रिमोटने दुसऱ्याचे दार वर जाई. दार कोण उघडतो आहे, हा प्रश्न अशा रीतीने पहिल्यांदा उघडपणे समोर आला.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे रिमोटमध्ये आणि मोटरीच्या पेटीत बसवलेली बारीक खटक्यांची रांग. प्रत्येक खटका खाली किंवा वर असा दोनच स्थितींत राहतो, दोन्हीकडची मांडणी जुळली तरच दार हलते, आणि बारा खटके असतील तर ४,०९६ वेगवेगळ्या मांडण्या होऊ शकतात. शेजाऱ्याची अडचण यामुळे मिटली, चोराला मात्र अडचण झाली नाही. सॅमी कामकार या सुरक्षा-संशोधकाने २०१५ मध्ये मुलांच्या एका खेळण्यातील रेडिओ वापरून असे स्थिर संकेताचे दार दहा सेकंदांच्या आत उघडता येते हे दाखवले. त्याच्या युक्तीचा गाभा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे, कारण वृत्तांचे गण लक्षात ठेवण्यासाठी शाळेत पाठ करून घेतले जाणारे 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र त्याच तत्त्वावर रचलेले आहे. लघु-गुरूंच्या तीन-तीन अक्षरांचे आठ गण वेगवेगळे लिहायचे तर चोवीस अक्षरे लागतील, पण या सूत्रात एकेक अक्षर पुढे सरकत तीन-तीनचा गट वाचला, म्हणजे 'यमाता', मग 'मातारा', मग 'ताराज', की अवघ्या दहा अक्षरांत आठही गण येऊन जातात. गणितात अशा रचनेला निकोलास डी ब्रुइन या डच गणितज्ञाच्या नावाने ओळखतात. जुन्या दारांचे यंत्रही संकेत असाच एकेक खूण पुढे सरकत वाचत असल्याने, बारा-बारा खुणांचे ४,०९६ संकेत सुटे पाठवायला ४९,१५२ खुणा लागतात, तर एकमेकांत गुंफून पाठवायला केवळ ४,१०७ पुरतात.

यावरचा पक्का उपाय १९९० च्या दशकाच्या मध्यास बाजारात रुळला होता. त्याला फिरता संकेत म्हणता येईल. या पद्धतीत रिमोट आणि दाराचे यंत्र या दोहोंकडे एकच गुप्त सूत्र व एकच मोजणी असते, प्रत्येक वेळी बटण दाबले की मोजणी एकाने पुढे जाते आणि तिच्यापासून तयार झालेला नवा संकेत हवेत सोडला जातो, आणि एकदा स्वीकारलेला संकेत दार पुन्हा कधीच स्वीकारत नाही. त्यामुळे कोणी संकेत चोरून टिपला तरी तो वापरून झालेल्या तिकिटाइतकाच निरुपयोगी ठरतो. खिशातल्या किल्लीचे एकमेवपण अशा प्रकारे रेडिओलहरीला बऱ्याच अंशी परत मिळाले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मुलांच्या जिवाची किंमत मोजून मिळाले. मोटर दाराला खाली ढकलत राहते आणि खाली काय आहे हे तिला कळत नाही. खाली येणाऱ्या दारात अडकून अमेरिकेत अनेक लहान मुले दगावली किंवा कायमची जखमी झाली, तेव्हा तिथल्या संसदेने १९९० मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला अडकण्यापासून संरक्षण देणारी व्यवस्था सक्तीची झाली. तिचे नेहमीचे रूप जमिनीलगत पाहायला मिळते. दाराच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवर, जमिनीपासून सहा इंचांहून उंच नाही अशा बेताने, दोन छोट्या डब्या समोरासमोर बसवलेल्या असतात. एकीतून अदृश्य अवरक्त किरण निघतो आणि दुसरी तो टिपते. दार खाली येत असताना हा किरण कशानेही तुटला की यंत्र थांबून दार पुन्हा वर नेते. याशिवाय दार एखाद्या वस्तूला प्रत्यक्ष टेकले तर दोन सेकंदांच्या आत उलटे फिरले पाहिजे, असाही दंडक आहे. सहा इंचांची ही मर्यादा जमिनीवर पडलेले किंवा रांगणारे मूल नजरेसमोर ठेवून घातलेली आहे. दाराला डोळा मिळाला तो असा.

या कुळीची दुसरी शाखा आवाज ओळखण्याची आहे, आणि योगायोग असा की तिच्या आरंभीही एक छोटेसे दार आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत 'रेडिओ रेक्स' नावाचे खेळणे विकले जाई. त्यातला कुत्रा विद्युतचुंबकाने छोट्या घरात धरून ठेवलेला असे. 'रेक्स' अशी हाक मारली की त्या शब्दातील स्वराच्या, सेकंदाला सुमारे ५०० कंपनांच्या, ध्वनीने आतली पट्टी थरथरे, प्रवाह तुटे आणि स्प्रिंग कुत्र्याला दारातून बाहेर ढकले. हाक कोणाची आहे याच्याशी त्या खेळण्याला काही कर्तव्य नव्हते. त्याउलट बेल प्रयोगशाळेत १९५२ मध्ये तयार झालेले 'ऑड्री' हे यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखे, पण ज्या माणसाच्या उच्चाराशी ते जुळवलेले असे त्याचेच चांगले ओळखे. आयबीएमने १९६२ मध्ये दाखवलेल्या 'शूबॉक्स' यंत्राला सोळा शब्द कळत. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या 'हार्पी' या प्रणालीला एक हजारांहून अधिक. त्या विद्यापीठातील या संशोधनाच्या अग्रणींमध्ये आंध्रात जन्मलेले राज रेड्डी होते, ज्यांना पुढे १९९४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नंतर संभाव्यतेच्या गणिताने आणि २०१० च्या सुमारास मेंदूतील चेतापेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या बहुस्तरीय संगणकी जाळ्यांनी ही विद्या इतकी पुढे नेली की ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४ मध्ये आणलेल्या 'इको' या उपकरणाला, सात मायक्रोफोनांच्या जोरावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून बोललेलेही कळू लागले.

या साठ वर्षांच्या परिश्रमांचे उद्दिष्ट यंत्राला कोणाचेही बोलणे कळावे हे होते. पुरुषाचे, बाईचे, मुलाचे, सर्दी झालेल्याचे, परक्या उच्चाराच्या माणसाचे. ते उद्दिष्ट बव्हंशी साधले, आणि नेमके तेच यश दारापाशी अडचणीचे ठरले, कारण जे यंत्र सर्वांचे ऐकते ते चोराचेही ऐकते. फिरत्या संकेताने मोठ्या कष्टाने परत मिळवलेले किल्लीचे एकमेवपण उघड्यावर बोलल्या जाणाऱ्या शब्दापाशी पुन्हा गमावले जाते. अलीबाबाच्या गोष्टीतील गुहेचे दार परवलीचा शब्द उच्चारतो तो सरदार की झाडावर लपलेला लाकूडतोड्या हे पाहत नाही, तशीच ही स्थिती होती.

दोन्ही शाखांचा प्रत्यक्ष सांधाही नीट पाहण्याजोगा आहे. पुष्कळ जुन्या यंत्रांच्या भिंतीवरच्या बटणात दोनच तारा असतात. त्या क्षणभर एकमेकींना टेकल्या की थांबलेले दार चालू लागते आणि चालते दार थांबते. आवाजी जोडणीसाठी लावलेली छोटी पेटी बहुधा हेच बटण माणसाऐवजी दाबते. परंतु या बटणाला 'उघड' आणि 'बंद कर' यांतला फरक माहीत नसतो. दार आधीच बंद असताना 'बंद कर' म्हटले तर ते उघडेल. म्हणून दाराच्या सर्वांत वरच्या फळीवर एक कल-संवेदक लावतात, म्हणजे ती फळी उभी आहे की छताखाली आडवी झाली आहे हे सांगणारी डबी, आणि तिचे उत्तर आल्यावरच आज्ञा पाळायची की नाही हे ठरते. आज्ञेचा प्रवासही लांबचा असतो: उपकरण आपले नाव ऐकून जागे होते, पुढचे शब्द इंटरनेटवरून सहायक चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकांकडे जातात, तिथे त्यांचा अर्थ लागतो, तिथून आज्ञा अनेकदा दाराच्या कंपनीकडे जाते आणि मग घरच्या वायफायवरून मोटरीपर्यंत परत येते. काही पावलांवरच्या दारासाठी शब्द शेकडो किलोमीटर फिरून येतो.

या सांध्यापाशी रचनाकारांनी दोन आज्ञांना दोन वेगळ्या अटी घातल्या, आणि आवाजी दाराचे सारे मर्म या विषमतेत आहे. 'उघड' म्हटल्यावर सहायक सामान्यतः ठरवून दिलेला गुप्त अंक विचारतो किंवा फोनचे कुलूप उघडायला सांगतो; 'बंद कर' म्हटल्यावर बहुधा असे काही विचारले जात नाही, कारण बंद दाराने घराचे नुकसान होत नाही. याउलट दुरून दार बंद करताना ते हलण्यापूर्वी किमान पाच सेकंद दिवा लुकलुकला पाहिजे आणि भोंगा वाजला पाहिजे, असे अमेरिकेतील सुरक्षा-मानक सांगते. उघडताना यंत्र विचारते, तू कोण. मिटताना ते दाराखालच्यांना सांगते, बाजूला व्हा. हातात एकवटलेले दोन निर्णय इथे दोन आज्ञांवर वाटून दिलेले आहेत.

ही खबरदारी अनाठायी नव्हती. २०१७ मध्ये एका बर्गर-साखळीच्या दूरचित्रवाणी जाहिरातीने प्रेक्षकांच्या घरातील सहायकांना मुद्दाम जागे केले, तेव्हा आवाज घरच्या माणसाचाच असतो हे गृहीत किती कच्चे आहे ते लोकांना कळले. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि तोक्यो येथील संशोधकांनी त्याहून विलक्षण गोष्ट दाखवली: लेझरच्या प्रकाशाची तीव्रता आज्ञेच्या ध्वनीप्रमाणे कमी-जास्त करून तो किरण मायक्रोफोनवर रोखला, तर मायक्रोफोन प्रकाशालाच ध्वनी समजतो. सुमारे ११० मीटरांवरून त्यांनी अशा आज्ञा पोहोचवल्या, आणि एका प्रयोगात गॅरेजचे दारही उघडून दाखवले. गुप्त अंकालाही मर्यादा आहेत, कारण तो मोठ्याने बोलावा लागतो आणि खोलीतला कोणीही तो ऐकू शकतो.

मुंबई-पुण्यातील बहुसंख्य घरांना अशी गॅरेजे नाहीत, पण दुकानांची गुंडाळत जाणारी शटरे आणि सोसायट्यांची सरकती फाटके इथेही मोटरीवर चालू लागली आहेत, आणि त्यांना फोनची वा आवाजाची जोड देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. अशी जोड विकत घेणाऱ्याने किंमत आणि सोय यांच्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: उघडण्याची आज्ञा देणारा कोण हे यंत्र कसे ठरवते, आणि बंद होताना खाली कोणी असल्यास त्याला ते कसे कळते. अमेरिकी गॅरेजने ही उत्तरे शंभर वर्षांत, काही वेळा चोरीने तर काही वेळा मुलांच्या प्राणांनी मोजून मिळवली आहेत; ती तयार असताना जड फाटकाला केवळ कान देऊन डोळा न देणे, हे अज्ञान राहत नाही, तो निष्काळजीपणा ठरतो.