खाऱ्या पाण्याचा तह

उरणाजवळील मोरा बंदराच्या परिसरांत पाण्याची किंमत केवळ मापावर ठरत नाहीं, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. भरतीचें पाणी मिठागरांत घेतलें तर उत्पन्न देतें. तेंच बांध फोडून भातखाचरांत शिरलें तर पीक बुडवितें. म्हणून खाडीकांठच्या शेतकऱ्याची नजर सदैव खारबंदिस्तीवर व तिच्या उघाडीवर असते. बांध एका जागीं फुटला तरी नुकसान अनेकांचें होतें. अशा जमिनींसाठीं मुंबई प्रांतांत 1948 सालीं स्वतंत्र कायदाच झाला. परंतु ज्यांच्यावर एका सरकारची सत्ता नाहीं अशा दोन राष्ट्रांत खाऱ्या पाण्याचा तंटा लागला, तर तो मिटावा कसा? याचा बोधप्रद दाखला कोलोरॅडो नदीच्या इतिहासांत आम्हांस आढळतो.

ही नदी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून मेक्सिकोंत जाते. 1944 च्या तहान्वयें मेक्सिकोस दरसाल 15 लक्ष एकर-फूट पाणी द्यावयाचें ठरलें. पाणी किती, हें तहांत स्पष्ट लिहिलें. कसें, हें लिहावयाचें राहून गेलें. 1961 सालीं ॲरिझोनांतील वेल्टन-मोहॉक भागांत शेतांखालीं सांचलेलें खारें पाणी उपसून नदीच्या प्रवाहांत सोडूं लागले. मेक्सिकोच्या वांट्याच्या पाण्यांत दर दशलक्ष भागांस सुमारें 800 भाग क्षार असत. ते लवकरच 1,500 च्या घरांत गेले. मेक्सिकाली खोऱ्यांतील पिकांची हानि झाली. मेक्सिकोनें तक्रार केली, तेव्हां अमेरिकेनें उत्तर दिलें कीं, तहांत कोणत्याहि उगमाचें पाणी मान्य आहे. माप भरलें म्हणजे कर्तव्य झालें!

हा वाद बारा वर्षें चालला. 30 ऑगस्ट 1973 रोजीं उभय राष्ट्रांच्या सीमा व जल आयोगाच्या 242 व्या ठरावानें तो मिटला. मोरेलोस बंधाऱ्याच्या वरच्या अंगास मेक्सिकोस मिळणारें पाणी, खुद्द अमेरिकेच्या इंपीरियल बंधाऱ्याशीं येणाऱ्या पाण्यापेक्षां वार्षिक सरासरीनें दर दशलक्ष भागांस 115 भागांहून, 30 कमी-अधिक धरून, जास्त खारें असूं नये, असें ठरलें. यांतील मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. अमुक इतकें शुद्ध पाणी देऊं, असें वचन यांत नाहीं. आमच्या शेतास जें पाणी येतें, त्याच्या जवळपासचेंच तुमच्याहि शेतास येईल, असें वचन आहे.

वचन पाळण्यास खर्च पडलाच. वेल्टन-मोहॉकचें खारें पाणी वेगळ्या कालव्यानें समुद्राच्या दिशेनें नेण्यांत आलें. तें गोडें करण्याचा यूमा येथील कारखाना 1992 सालीं पुरा झाला. परंतु तो बहुतेक काळ बंदच राहिला. उलट, कालव्याचें पाणी जेथें सोडलें त्या सांता क्लारा येथें विस्तीर्ण पाणथळ निर्माण होऊन पक्ष्यांस आसरा मिळाला!

या तोडग्यास मर्यादाहि आहे. तुलना हेंच माप ठरल्यावर मूळ प्रवाहच खारावत गेला, तर दोघेहि समान बुडतील. म्हणूनच 1974 च्या अमेरिकन कायद्यानें वरच्या खोऱ्यांतील क्षार रोखण्याचीं कामेंहि हातीं घेतलीं. शेजाऱ्याचें दुःख मोजावयास स्वतःच्या ओंजळींतील पाण्याचेंच माप घेतलें, येथें खरा न्याय झाला, असें आम्हांस वाटतें.