दोन ओळी आणि एक स्टेडियम: ब्रायटनच्या चाहत्यांची चौदा वर्षं

आजचा भाग फुटबॉलचा आहे, पण आधीच सांगतो, यात गोल कमी आणि कागद जास्त आहेत. फॅन्टसी लीग खेळणाऱ्यांना ब्रायटन हे नाव माहीतच असेल. मितोमावाला क्लब, समुद्रकाठचं शहर, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी. त्यांचं स्टेडियम टीव्हीवर बघताना वाटतं की हे सगळं कायम असंच असणार.

तसं नव्हतं. या क्लबकडे चौदा वर्षं स्वतःचं मैदान नव्हतं. आणि ते मिळवायला जी लढाई झाली ती खेळपट्टीवर झालीच नाही. ती झाली नगरपरिषदेच्या सभागृहात, सुनावणीच्या खोलीत, कोर्टात. मुद्दा एकच होता, प्लॅनिंग परमिशन, म्हणजे बांधकामाची परवानगी.

मी या गोष्टीकडे ओढला गेलो ते दोन ओळींमुळे. एक ओळ गुपचूप काढली गेली, म्हणून चाहते जागे झाले. दुसरी ओळ चुकीची लिहिली गेली, म्हणून जिंकलेली परवानगी हातातून गेली. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना अशा गोष्टी अंगावर येतात. माझ्याच हातून एकदा कॉन्फिग फाइलमधली एक ओळ उडाली होती आणि अख्खी टीम रात्रभर जागी होती. इथे तर सबंध शहर जागं राहिलं.

पहिली ओळ: जी काढून टाकली

ब्रायटन अँड होव्ह ॲल्बियन हा क्लब १९०२ पासून गोल्डस्टोन ग्राउंडवर खेळायचा. आजोबा, बाप आणि नातू एकाच पायरीवर उभे राहून मॅच बघायचे, असं ते मैदान. १९९० च्या दशकात क्लब कर्जात बुडाला. अध्यक्ष होते बिल आर्चर. १९९५ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली की गोल्डस्टोन विकलं जातंय, तिथे दुकानं होणार. कर्ज फेडायचं तर विकावं लागेल, हे एक वेळ समजू शकतं. पण नवीन मैदान कुठे? त्याची काहीच पक्की सोय नव्हती.

आता इथे एक चाहता येतो, पेशाने अकाउंटंट. त्याने क्लबची कंपनी म्हणून नोंद असलेली कागदपत्रं काढून वाचली. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा जुना नियम असा की क्लब बंद झाला तर उरलेला पैसा भागधारकांच्या खिशात जाऊ नये, तो दुसऱ्या क्रीडासंस्थेला किंवा धर्मादाय कामाला जावा. तशा अर्थाचं कलम क्लबच्या नियमावलीत असायचं. या माणसाच्या लक्षात आलं की ते कलम गायब आहे.

विचार करा. मैदान विकायला काढलंय आणि विक्रीतला पैसा मालकांकडे जाण्यापासून रोखणारी ओळच नाही. क्लबने सांगितलं की अनवधानाने झालं, आणि कलम परत घातलं गेलं. हेतू काय होता यावर आपण निकाल देऊ नये. पण चाहत्यांना त्या दिवशी एक गोष्ट कळली: फक्त घोषणा देऊन भागणार नाही, कागद वाचावे लागतील.

अर्थात घोषणाही झाल्याच. एप्रिल १९९६ मध्ये यॉर्क सिटीविरुद्धच्या मॅचमध्ये लोक मैदानात घुसले, गोलपोस्ट मोडले, मॅच सोळा मिनिटांत बंद पडली. पुढच्या सीझनला पुन्हा घुसले तेव्हा क्लबचे दोन गुण कापले गेले, आणि टीम आधीच तळाला होती. म्हणजे रागाने आपल्याच पायावर धोंडा. मग फेब्रुवारी १९९७ मध्ये वेगळंच काही घडलं. प्लिमथच्या एका किशोरवयीन चाहत्याने इंटरनेटवर कल्पना मांडली की सगळ्या क्लबांच्या चाहत्यांनी आपापल्या जर्सी घालून ब्रायटनच्या पाठीशी उभं राहावं. १९९७ चं इंटरनेट, बरं का! मोडेमची किरकिर ऐकत केलेली पोस्ट. आणि लोक खरंच आले. त्या दिवशी ब्रायटनने हार्टलपूलला ५-० हरवलं.

तरी मैदान गेलंच. २६ एप्रिल १९९७ ला गोल्डस्टोनवर शेवटची मॅच झाली, डॉन्कास्टर रोव्हर्सविरुद्ध, १-० ने जिंकली. मॅच संपल्यावर लोकांनी हिरवळीचे तुकडे आणि खुर्च्या उचलून घरी नेल्या. आठवड्याभराने हेरफर्डमध्ये १-१ बरोबरी झाली आणि जास्त गोल केल्याच्या हिशेबावर क्लब लीगमध्ये कसाबसा टिकला.

भाड्याच्या घरातली बारा-चौदा वर्षं

पुढची दोन वर्षं ‘घरच्या’ मॅच झाल्या जिलिंगहॅमला, सुमारे ७० मैलांवर, दुसऱ्या काउंटीत. पुण्याच्या टीमने घरची मॅच म्हणून लोणावळा-खोपोली ओलांडून पार पनवेलला जावं, तसं.

तोवर सूत्रं डिक नाइट यांच्याकडे आली होती. ते स्वतः जुने चाहते. १९९९ मध्ये क्लब शहरात परतला, पण विथडीन नावाच्या ॲथलेटिक्सच्या मैदानावर. प्रेक्षक आणि खेळपट्टीच्या मध्ये धावण्याचा ट्रॅक. बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नाही. आजूबाजूला निवांत रहिवासी वस्ती, त्यामुळे तिथेही विरोध झाला. परवानगी मिळाली ती तात्पुरती आणि अटींसह. मॅचच्या दिवशी आसपास गाड्या लावायच्या नाहीत, म्हणून तिकिटातच बस-ट्रेनचा प्रवास मोफत. ही अट मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येणार आहे.

फाल्मरच का?

कायमच्या स्टेडियमसाठी जागा सुचवली गेली फाल्मरची. शहराच्या ईशान्य टोकाला, दोन विद्यापीठांच्या इमारतींना लागून, रेल्वे स्टेशन अगदी शेजारी. १९९९ च्या मे महिन्यात शहरात जनमत घेतलं गेलं आणि सुमारे दोन तृतीयांश मतं बाजूने पडली. तुम्ही म्हणाल, मग झालं की.

नाही झालं. कारण ती जागा साउथ डाउन्स नावाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी होती. चुनखडीच्या मऊ, हिरव्या टेकड्या. १९६६ पासून हा टापू निसर्गसौंदर्यासाठी कायद्याने जपलेला. शिवाय जागा बरोब्बर हद्दीवर. स्टेडियम मुख्यतः ब्रायटनच्या हद्दीत, पण बस लावायची जमीन शेजारच्या लुइस जिल्ह्यात. ब्रायटनमध्ये मत दिलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरासमोर स्टेडियम येणार नव्हतं. फाल्मर गावच्या लोकांच्या मात्र येणार होतं, आणि ते संख्येने मूठभर.

त्यांचा मुद्दा साधा होता. संरक्षित जमिनीवर एकदा अपवाद केला की पुढचा अपवाद सोपा होतो. आज फुटबॉल, उद्या मॉल. गावची ग्रामपरिषद, लुइसची जिल्हा परिषद आणि टेकड्या जपणाऱ्या संस्था विरोधात उभ्या राहिल्या. मला हे लोक खलनायक वाटत नाहीत. आपल्याकडे टेकडी वाचवायला सकाळी फिरायला येणारे काका-काकू सह्या गोळा करतात, तेव्हा आपण कुणाच्या बाजूने असतो?

चाहत्यांमध्येही प्रश्न होताच: फाल्मरच का? पर्यायांची यादी लांब होती. शीपकोट व्हॅली, वॉटरहॉल, टोड्स होल व्हॅली, शोरहॅमचं बंदर, बीडिंगचा बंद पडलेला सिमेंट कारखाना. प्रत्येक जागेची एक अडचण. कुठे रेल्वे नाही, कुठे रस्ता अरुंद, कुठे तीही टेकड्यांचीच जमीन. चाहत्यांचं उत्तर वाहतुकीवर बेतलेलं होतं. हजारो लोक गाड्या घेऊन आले तर गावाचे हाल होतील हे खरं, म्हणूनच स्टेशनजवळची जागा हवी. आणि लोक गाडी घरी ठेवून येतात, हे विथडीनने दाखवून दिलं होतं. मघाची ती अट आठवली? ओझं म्हणून लादलेली अट इथे पुरावा झाली.

सुनावणी, फुलं आणि एक गाणं

जून २००२ मध्ये ब्रायटनच्या परिषदेने परवानगी दिली. पण प्रकरण इतकं वादग्रस्त होतं की केंद्र सरकारने निर्णय स्वतःकडे घेतला. इंग्लंडमध्ये अशा वेळी एक निरीक्षक जाहीर सुनावणी घेतो, दोन्ही बाजूंचे वकील आणि तज्ज्ञ बोलतात, मग निरीक्षक अहवाल देतो. शेवटचा शब्द मात्र मंत्र्याचा. २००३ च्या सुनावणीनंतर निरीक्षकाचं मत आलं: परवानगी नको.

उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी लगेच फाइल बंद केली नाही. पर्यायी जागांचा नीट विचार व्हावा म्हणून सुनावणी पुन्हा उघडली. दरम्यान चाहते स्वस्थ बसले नव्हते. सह्यांचे अर्ज, पोस्टकार्डं आणि व्हॅलेंटाइन डेला थेट प्रेस्कॉट यांना फुलं! जानेवारी २००५ मध्ये चाहत्यांनी ‘टॉम हार्क’ या जुन्या धूनवर फाल्मरचं गाणं काढलं आणि ते ब्रिटनच्या चार्टवर १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

२८ ऑक्टोबर २००५. प्रेस्कॉट यांनी होकार दिला. शहरात जल्लोष.

दुसरी ओळ: जी चुकीची लिहिली

आणि मग लुइस जिल्हा परिषद कोर्टात गेली. त्यांनी परवानगीचं पत्र ओळ न् ओळ वाचलं होतं. स्थानिक आराखड्यात शहराच्या बांधीव भागाची हद्द ठरवलेली असते. पत्रात असं आलं होतं की स्टेडियमच्या जागेचा काही भागच त्या हद्दीबाहेर आहे. प्रत्यक्षात सगळी जागा हद्दीबाहेर होती. सरकारला चूक मान्य करावी लागली आणि २००६ मध्ये परवानगी रद्द झाली.

चाहत्यांचा संताप कल्पना करण्यासारखा आहे. एका शब्दासाठी? जमीन तीच, नकाशा तोच, निर्णय तोच! चाहत्यांनी सीगल्स पार्टी नावाचा पक्ष काढला आणि लुइसच्या निवडणुकीत उतरले. याला आधीचं उदाहरण होतं. १९९० मध्ये लंडनच्या चार्लटन क्लबच्या चाहत्यांनी आपल्या मैदानाच्या परवानगीसाठी व्हॅली पार्टी काढून १४,८३८ मतं घेतली होती.

पण थोडं थांबून बघू. १९९५ मध्ये त्या अकाउंटंट चाहत्याने काय केलं होतं? कागद वाचला, ओळ चुकलेली दाखवली, दुरुस्त करायला लावली. लुइसने काय केलं? तेच. ‘अनवधानाने झालं’ हे उत्तर चाहत्यांनी क्लबकडून ऐकून घेतलं नव्हतं. मग सरकारकडून आलेलं तेच उत्तर लुइसवाल्यांनी का ऐकून घ्यावं? नियम आपल्या बाजूने लागला की न्याय आणि विरुद्ध लागला की तांत्रिक खोडसाळपणा, असं म्हणता येत नाही. मला वाटतं या अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात अवघड जागा हीच आहे.

चूक दुरुस्त करून फाइल पुन्हा तपासली गेली. २४ जुलै २००७ ला नव्या मंत्री हेझल ब्लिअर्स यांनी पुन्हा परवानगी दिली. या वेळी आव्हान द्यायची मुदत शांतपणे संपली. एका ओळीची किंमत, जवळपास दोन वर्षं. पण नंतर जे उभं राहिलं त्याला कुणी कायद्याने हात लावू शकलं नाही, हेही तितकंच खरं.

शेवट, तोच पाहुणा

२००८ च्या डिसेंबरमध्ये काम सुरू झालं. स्टेडियम टेकडीच्या कुशीत खोदून खाली बसवलं, म्हणजे क्षितिजावर कमी डोकावेल. विरोध झाला नसता तर एवढी काळजी घेतली असती का? मला शंका आहे. २०१० मध्ये साउथ डाउन्स राष्ट्रीय उद्यानही झालं. टेकड्याही टिकल्या, स्टेडियमही आलं. फाल्मरच्या सगळ्याच लोकांना ते पटलं असेल असं मात्र मी म्हणणार नाही.

६ ऑगस्ट २०११ ला तिथे लीगची पहिली मॅच झाली. पाहुणी टीम कोणती? डॉन्कास्टर रोव्हर्स. गोल्डस्टोनवरच्या शेवटच्या मॅचला होती, तीच. ब्रायटन २-१ ने जिंकलं. १९९७ मध्ये वडिलांचा हात धरून आलेलं दहा वर्षांचं पोर तोवर चोवीस वर्षांचं झालं होतं. सहा वर्षांनी, २०१७ मध्ये, क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला.

जाता जाता एवढंच. आपल्याकडे पेपरात बारीक अक्षरात ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ अशी नोटीस येते. आपण पान उलटतो आणि दोन वर्षांनी जेसीबी दिसला की चिडतो. पुढच्या वेळी ती पीडीएफ उघडून एकदा खालपर्यंत स्क्रोल करा. कदाचित एखादी ओळ गायब असेल, किंवा चुकीची असेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.