कार्ब्युरेटरची गळती आणि मुंबईची फियाट

१/ २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात एका प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. त्या जातीच्या टॅक्सीची ती शेवटची नोंद. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या रस्त्यांवरून ‘फियाट’ टॅक्सी नाहीशी झाली. मूळ आराखडा १९५३ सालच्या इटलीतला. मग ही मोटार ७० वर्षे टिकली कशी? कार्ब्युरेटरच्या एका साध्या गळतीची हकिकत पाहिली की याचे उत्तर बरेचसे मिळते.

२/ मुंबई मोटारींच्या जुळणीचे जुने केंद्र. परळच्या पूर्वेला शिवडी येथे १९२८ पासून जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना होता. सुटे भाग जहाजाने येत आणि येथे गाडी उभी राही. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला.

३/ १९५३ मध्ये धोरण पालटले. परदेशी भाग आणून केवळ जुळणी करणाऱ्यांना यापुढे वाव नव्हता; भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवणे आवश्यक ठरले. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. प्रीमियर मात्र टिकली आणि फियाटच्या परवान्याखाली ‘११००’ ही लहान मोटार कुर्ल्यात तयार होऊ लागली.

४/ गोलसर बांधा आणि पुढे आलेले तोंड यांमुळे या पहिल्या गाडीला ‘डुक्कर फियाट’ हे नाव पडले. १९६४ च्या सुमारास ‘११०० डिलाइट’ आली. पुढे १९७० च्या दशकात तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि नंतर ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नावे बदलली, पण १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन जवळजवळ तेच राहिले.

५/ इटलीत ही मालिका १९६० च्या दशकाअखेरीस थांबली. येथे मात्र आयातबंदी आणि परवाना पद्धतीमुळे पर्याय मोजकेच होते. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे हाती आलेली गाडी बिघडली की टाकून देण्याचा विचारच संभवत नसे. ती दुरुस्तच करावी लागे.

६/ आता गळतीकडे वळू. मागच्या टाकीतील पेट्रोल पंपाने कार्ब्युरेटरपर्यंत येते आणि त्याच्या छोट्या कोठीत साठते. या कोठीत एक पोकळ फ्लोट तरंगतो. चाळीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत बॉलकॉक जे करतो, तेच काम हा फ्लोट करतो. पातळी चढली की तो वर येतो आणि सुईसारखी झडप दाबून पेट्रोलची वाट बंद करतो.

७/ ही वाट बंद झाली नाही की कोठी भरून वाहते. त्याची कारणे ठरावीक असतात : झडपेत अडकलेला कचरा, झिजलेली सुई, सुकलेले गॅस्केट, नाहीतर भोक पडून आत पेट्रोल शिरल्याने बुडालेला फ्लोट. मग बॉनेटखालून पेट्रोलचा उग्र वास येतो, गाडी सुरू होता होत नाही आणि तापलेल्या इंजिनावर ठिबकणाऱ्या पेट्रोलमुळे आगीचा धोका उभा राहतो.

८/ जाणता मिस्त्री इंजिन थंड होऊ देतो, बॅटरीची तार काढतो आणि मगच झाकण उघडतो. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला की आत पेट्रोल आहे का ते आवाजावरून कळते. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे निघतात. आतले पेट्रोल पूर्ण काढून भोकावर डाख लावायचा, सुई आणि तिचे आसन साफ करायचे अथवा बदलायचे, नवे गॅस्केट बसवायचे.

९/ खरे कौशल्य डाखाच्या मापात असते. डाख जास्त झाला की फ्लोट जड होतो, कोठीतील पातळी चढते आणि इंजिन पुन्हा गरजेपेक्षा अधिक पेट्रोल पिऊ लागते. झाकणाचे स्क्रूही बेताने आवळावे लागतात. अति आवळल्यास झाकण वाकते आणि बंद केलेली गळती दुसरीकडून सुरू होते.

१०/ १९७३ च्या तेलसंकटात कच्च्या तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले आणि पेट्रोल कडाडले. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने ठिबकणारा प्रत्येक थेंब दिवसाच्या कमाईतून जात होता. गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली तर ती कमाईही बुडत होती. म्हणूनच तासाभरात, हाताशी असलेल्या पान्या-पकडीने होणारी दुरुस्ती ही त्याची गरज होती. ऑपेरा हाऊस परिसरातील सुट्या भागांच्या दुकानांनी ती भागवली. आराखडा बदलत नसल्याने जुन्या गाडीचे अनेक भाग नव्या गाडीलाही चालत.

११/ परंतु याच साधेपणाला दुसरी बाजू होती. कार्ब्युरेटर हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण साधारणपणेच राखतो. फ्लोटची पातळी थोडी चुकली तरी गाडी चालते, मात्र धूर वाढतो. १ एप्रिल २००० पासून नव्या मोटारींना ‘इंडिया २०००’ ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाली. इंधनाचे माप आता संगणकनियंत्रित इंजेक्शनकडे गेले. पद्मिनीचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले.

१२/ शहराच्या हवेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला होता. न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर वळल्या. पेट्रोल राखीव इंधन म्हणून उरले. तरीही कार्ब्युरेटरची कुरबूर संपली नाही, कारण पेट्रोल क्वचितच वापरले गेले की गॅस्केट सुकते आणि सुई चिकटते. जुना बिघड नव्या कारणाने परत येत राहिला.

१३/ फियाटच्या निरोपात केवळ हळहळ पाहणे अपुरे ठरेल. परळ-लालबागच्या रहिवाशाला स्वच्छ हवा हवी होती आणि ती मागणी रास्तच होती. पण गाडीबरोबर मिस्त्रीचे एक ज्ञानही मागे पडले : आवाजावरून फ्लोटची परीक्षा करण्याचे आणि डाखाचे माप हातानेच जाणण्याचे. ते फारसे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. उस्तादाकडून शागिर्दाकडे जात होते. संग्रहालयात गाडी जपता येईल. ते ज्ञान जपायचे असेल, तर ज्यांच्या हातांत ते अजून आहे अशा मिस्त्रींकडून आजच लिहून घ्यावे लागेल.