‘जय भीम कॉम्रेड’ : आंबेडकरी गीतांचा दस्तऐवज

‘जय भीम कॉम्रेड’ हा आनंद पटवर्धन यांचा माहितीपट 2011 मध्ये पूर्ण झाला. चौदा वर्षे चित्रीकरण करून बनवलेला हा सुमारे तीन तासांचा चित्रपट जातीय अत्याचार आणि न्यायाच्या लढाईवर आहेच, पण आंबेडकरी शाहिरीचे इतके मोठे चित्रण असलेला दुसरा चित्रपट क्वचितच सापडेल. चळवळीत नव्याने येणाऱ्या तरुणांनी तो का पाहावा, याची ही थोडक्यात माहिती.

गीतांची परंपरा

आंबेडकरी जलसा 1930 च्या दशकात बहरला. सत्यशोधक जलशांची वाट आधीच तयार होती. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी नाशिक भागात तमाशाचा ओळखीचा साचा घेतला, त्यातला शृंगार बाजूला सारला आणि शिक्षण, संघटन, अस्पृश्यतेविरुद्धचा लढा हे विषय लोकांच्या बोलीत मांडले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार जलशाने पोहोचवला.

पुढच्या पिढीतले सर्वांत मोठे नाव वामनदादा कर्डक यांचे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे 1922 मध्ये जन्मलेले वामनदादा मोठेपणी लिहावाचायला शिकले आणि 1943 पासून 2004 मध्ये निधन होईपर्यंत गीते रचत, गात राहिले. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर या गीतांत भीमाबरोबर बुद्धही आला. दुसरीकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाने कामगारांची शाहिरी उभी केली. चित्रपटाच्या नावात हे दोन्ही प्रवाह आहेत.

विलास घोगरे आणि रमाबाई नगर

11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. चार दिवसांनी, 15 जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी कपाळाला निळी पट्टी बांधली होती.

घोगरे यांचे गाणे पटवर्धन यांनी आधी ‘हमारा शहर’ (1985) या झोपडपट्टीवासीयांवरील माहितीपटात घेतले होते. त्यांच्या मृत्यूमागचे कारण शोधताना कॅमेरा रमाबाई नगरात गेला आणि न्यायालयाच्या तारखा संपेपर्यंत थांबला. गोळीबार अनावश्यक होता, असे गुंडेवार आयोगाने म्हटले. 2009 मध्ये सत्र न्यायालयाने पोलीस अधिकारी मनोहर कदम यांना जन्मठेप सुनावली; पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

चित्रपटातले गाणे

इथे गाणे स्टुडिओत होत नाही. ते चाळीच्या अंगणात, मोर्चात, जयंतीच्या मंडपात होते. संभाजी भगत गातात, पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण गातात, वस्तीतल्या बायाही गातात. कोणत्या दुःखातून गाणे आले आणि ऐकणाऱ्यांवर त्याचा काय परिणाम झाला, हे एकाच चौकटीत दिसते.

गाण्याची किंमतही दिसते. कबीर कला मंचाच्या कलाकारांवर माओवादी असल्याचा आरोप झाल्याने त्यांना भूमिगत व्हावे लागले. शीतल साठे आणि सचिन माळी 2 एप्रिल 2013 रोजी विधान भवनाबाहेर प्रकट झाले आणि त्यांना अटक झाली. सचिन माळी यांना जामीन मिळायला जानेवारी 2017 उजाडला.

आज उरलेले काम

या चित्रपटाचा खेळ जानेवारी 2012 मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्याच समोर झाला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कारही त्याला मिळाला. मात्र एक चित्रपट सगळी परंपरा जपू शकत नाही. आज जयंतीला डीजेवर वाजणाऱ्या कितीतरी गाण्यांचे कवी वाजवणाऱ्यांना माहीत नसतात. नाव गेले की त्या कवीचे कष्ट आणि गाण्यामागचा प्रसंग दोन्ही पुसले जातात.

प्रत्येक वस्तीत जुन्या गायन पार्टीतले एखादे आजोबा किंवा आजी अजून आहेत. त्यांच्या वहीतली गाणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावीत. कवीचे नाव, गाव आणि गाणे कशासाठी रचले, एवढी नोंद सोबत ठेवावी. विहारात हा चित्रपट दाखवून त्याच दिवशी ही सुरुवात करता येईल.