दिल्लीचा मुक्काम आणि दिल्लीची सैर

दिल्ली पाहावयास निघालेला आजचा प्रवासी सुट्टीची तजवीज करताना प्रथम उतरण्याची जागा ठरवतो आणि मग कागदावर लाल किल्ला, जामा मशीद, हुमायूनची कबर, कुतुबमिनार असा स्थळांचा क्रम लावतो. दिल्लीदर्शन म्हणजे इमारतींचे दर्शन हे तो इतके गृहीत धरून चालतो की, या समजुतीलाही एक इतिहास आहे आणि तो फारसा जुना नाही, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. ज्या काळी ही नगरी पातशाही तख्ताचे ठिकाण होती त्या काळी परमुलखातून आलेल्या माणसाने कोठे उतरावे हा राज्याच्या बंदोबस्ताचा विषय होता, आणि त्याने काय पाहावे हे बहुतांशी तिथीवारावर अवलंबून असे. मुक्काम आणि सैर या दोहोंची ती जुनी घडी कशी बसली आणि कशी विस्कटली, हे जाणून जो दिल्लीस जाईल त्याचा बेत काही निराळाच होईल, असे मला मनापासून वाटते.

शेरशहा सूराची कारकीर्द अवघ्या पाच वर्षांची, १५४० ते १५४५; पण त्याचा चरित्रकार अब्बासखान सरवानी सांगतो त्याप्रमाणे त्याने राजमार्गांवर दर दोन कोसांना एक अशा १७०० सराया उभ्या केल्या, आणि त्यांची जी व्यवस्था लावून दिली तिचा तपशील वाचताना त्या राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. प्रत्येक सराईत हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी खोल्यांच्या वेगळ्या ओळी असत. दरवाजापाशी पाण्याने भरलेली भांडी ठेवलेली असत. हिंदू प्रवाशांना ऊन व थंड पाणी देणे, अंथरूण घालणे, स्वयंपाक करणे आणि त्यांच्या घोड्यांना दाणा देणे या कामांवर ब्राह्मणांची नेमणूक असे. आणि इमाम, मुअज्जिन, शहाना व पहारेकरी यांचा खर्च सराईलगतच्या जमिनीच्या उत्पन्नातून भागवला जाई. पुढे १६०५ मध्ये जहांगीर तख्तावर बसला तेव्हा त्याने जे बारा दस्तूर जारी केले त्यांतही, ज्या ओसाड वाटांवर चोराचिलटांचे भय असेल तेथे सराई, मशीद व विहीर बांधावी म्हणजे वस्ती होईल, असा एक दस्तूर होता. सराईमुळे वस्ती वाढते हा अनुभव दिल्लीच्या नकाशाने पुरेपूर खरा केला आहे: युसुफ सराई, शेख सराई, बेर सराई, कालू सराई, लाडो सराई, नेब सराई, सराई रोहिल्ला, सराई काले खाँ ही आज गजबजलेल्या मोहल्ल्यांची, बाजारांची, स्थानकांची नावे आहेत.

अशा सराईतील रात्र कशी असे? सतराव्या शतकात आयुष्याचा मोठा भाग हिंदुस्थानात काढलेला व्हेनिसचा निकोलाओ मनुची याने तिचे जे वर्णन ठेवले आहे त्यावरून ती डोळ्यांपुढे उभी राहते. बुरुज आणि बळकट दरवाजे असलेले किल्लेवजा आवार, आत आठशे-हजार माणसे, त्यांचे घोडे, उंट आणि गाड्या. दिवस मावळला की दरवाजे बंद होत आणि सराईचा अंमलदार मोठ्याने पुकारा करी, की ज्याने त्याने आपापले सामान सांभाळावे, जनावरे नीट बांधावीत. पहाटे दरवाजा उघडण्यापूर्वी पहारेकरी तीन वेळा हाक देई, की प्रत्येकाने आपली चीजवस्त तपासून पाहावी. कोणाचे काही गेले असल्यास ते सापडेपर्यंत दरवाजा उघडला जात नसे, आणि चोर सापडला तर सराईसमोरच त्याला फासावर चढवीत. शिक्षा क्रूर होती यात संशय नाही; परंतु परगावच्या अनोळखी माणसाच्या गाठोड्याची जबाबदारी आपल्यावर आहे, हे तत्त्व त्या व्यवस्थेने मान्य केले होते. चूल पेटवणे, भाकरी भाजणे, खाटा देणे ही कामे भटियारा आणि भटियारीण यांच्याकडे असत, आणि या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे चालत.

या परंपरेचे सर्वांत देखणे रूप शहाजहानची ज्येष्ठ कन्या जहांआरा बेगम हिने चांदणी चौकात उभे केले. १६३९ मध्ये पाया घातलेले आणि १६४८ मध्ये पातशहाच्या प्रवेशाने सिद्ध झालेले शाहजहानाबाद शहर, त्याच्या मुख्य रस्त्याच्या मध्यावर चौक, मधून वाहणारा कालवा, बाजूस बाग आणि त्यालगत बेगमेची सराई अशी ती रचना होती. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये याने ही सराई पाहिली तेव्हा कमानींच्या ओळी आणि त्यांवरील मजल्याच्या खोल्या पाहून त्याला पॅरिसमधील प्लास रोयालची आठवण झाली. इराणी, उझबेक व इतर परदेशी धनिक व्यापारी येथे उतरतात आणि रात्री दरवाजा बंद होत असल्यामुळे निर्धास्त राहतात, असे लिहून त्याने पॅरिसमध्येही ठिकठिकाणी अशा इमारती असाव्यात, अशी इच्छा व्यक्त केली. राजकन्येने स्वतःच्या खर्चाने परक्यांसाठी राहण्याची जागा बांधावी आणि ती शहराच्या मुख्य चौकात, सर्वांत शोभिवंत ठिकाणी असावी, यातच त्या राजधानीचा अतिथीविषयीचा भाव दिसतो.

आता सैरीकडे वळू. अठराव्या शतकातील दिल्ली पाहुण्याने कशी पाहिली याचा सर्वांत जिवंत पुरावा आपल्याच मुलखातून गेलेल्या माणसाने ठेवला आहे. निजामउल्मुल्काच्या लवाजम्यातून दिल्लीस गेलेला आणि पुढे औरंगाबादच्या सुभेदारीवर चढलेला दर्गाह कुली खान याने आपल्या मुक्कामात, म्हणजे १७३८ ते १७४१ या काळात, जे पाहिले ते फार्सीत लिहून ठेवले. त्याच्या मुक्कामाच्या मधोमध १७३९ ची नादिरशाही कत्तल येते, तरीही त्याची लेखणी शहराच्या उत्साहानेच भरलेली आहे. त्या ग्रंथात इमारतींची मोजमापे शोधू नयेत. दर्ग्यांतील उरूस, गवयांच्या मैफली, चांदणी चौकातील कहवाखान्यात जमणारे शायर, सादुल्लाखानाच्या चौकात लोक जमवणारे कथेकरी, ज्योतिषी आणि वैदू, यांनी तो भरला आहे. वसंतात लोक पहिल्या दिवशी कदम शरीफला जात आणि मग एकेक दिवस एकेका पुण्यस्थानी फुले, अत्तर व गाणे घेऊन उत्सव पुढे सरके. म्हणजे शहर पाहण्याचा क्रम शहराने स्वतःच आखून दिलेला होता. चांदणी चौकाविषयी त्याने सांगितलेली एक हकीकत तर विसरू म्हटल्या विसरत नाही: एका तरुण उमरावजाद्याला चौकाची सैर करण्याची इच्छा झाली तेव्हा त्याच्या विधवा आईने पित्याच्या मिळकतीतून एक लक्ष रुपये त्याच्या हाती ठेवले आणि वर सांगितले की, तेथील अपूर्व वस्तू या रकमेत येणार नाहीत, पण गरजेपुरते काही घेता येईल.

मराठ्यांचा दिल्लीशी संबंध या काळात वाढत गेला. नाशिककडील हिंगणे घराण्याचे वकील वर्षानुवर्षे तेथे राहून पुण्यास अखबार पाठवीत, १७७१ मध्ये मराठी फौजांनी शहर घेतले, पुढील वर्षाच्या आरंभी महादजी शिंद्यांनी शाह आलमला तख्तावर आणून बसवले आणि १८०३ पर्यंत आपला वचक तेथे राहिला. पण आपली ती पत्रे बहुतांशी सनदा, खिलती आणि थकलेल्या रकमा यांची आहेत, आणि दर्गाह कुली खानासारखी डोळस सैर कोणा मराठी माणसाच्या हातून लिहिली गेली असती तर आपले वाङ्मय संपन्न झाले असते, ही रुखरुख माझ्या मनात आहे.

खुद्द दिल्लीकर सुट्टी कशी घालवीत हे पाहावयाचे असेल तर मेहरौलीस गेले पाहिजे. दुसऱ्या अकबरशहाचा पुत्र मिर्झा जहांगीर याने इंग्रज रेसिडेंट सीटन याच्यावर गोळी झाडल्यामुळे त्याची रवानगी अलाहाबादेस झाली. मुलगा परत आला तर ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यावर फुलांची चादर चढवीन, असा नवस त्याच्या आईने, मुमताज महल बेगमेने केला, आणि तो १८१२ च्या सुमारास फेडला तेव्हा पातशहाच्या आज्ञेने जवळच्याच जोगमायेच्या देवळातही फुले वाहण्यात आली. येथून ‘फूलवालों की सैर’ सुरू झाली. पावसाळ्यात दरबार आणि त्यामागोमाग अर्धे शहर मेहरौलीस लोटे. आमराईत झोपाळे बांधले जात, झरन्याच्या पाण्यात मुले उड्या घेत, कढया चढत, आणि फुलांनी मढवलेले मोठमोठे पंखे सनईच्या सुरांत एका दिवशी देवीला व दुसऱ्या दिवशी दर्ग्याला नेले जात. हिंदू आणि मुसलमान दोघेही दोन्ही मिरवणुकांत असत. बहादूरशहा जफर याला या सैरीचे इतके प्रेम होते की, दर्ग्यालगतच्या राजवाड्याला त्याने हत्ती अंबारीसह आत यावा एवढा भव्य दरवाजा बांधला.

इमारती पाहण्याची दृष्टी याच सुमारास, इंग्रज अधिकाऱ्यांच्या जिज्ञासेतून वाढू लागली. मेटकाफ व फ्रेझर यांच्या सांगण्यावरून मिर्झा संगीन बेग याने शहराच्या स्थळांचे फार्सी वर्णन केले, आणि १८४७ मध्ये तरुण मुन्सिफ सय्यद अहमद खान यांनी ‘आसार-उस-सनादीद’ प्रसिद्ध केले. त्यांच्या परिश्रमास तोड नाही. कुतुबमिनारावरील उंचावरचे लेख खालून वाचता येईनात, तेव्हा दोन बल्ल्यांच्या मध्ये टोपली टांगून तीत बसून ते अक्षरे उतरून घेत, आणि खाली उभे असलेले त्यांचे मित्र इमामबख्श सहबाई यांचा चेहरा भीतीने पांढरा पडे, असे हालींनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात आहे. परंतु या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत दिल्लीतील माणसांवर, तेथील संत, विद्वान, वैद्य, कवी, गवई यांच्यावर जे चौथे प्रकरण होते, ते १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीतून गळाले. इमारती राहिल्या, माणसे वगळली गेली; आणि तीनच वर्षांनी जे घडले ते पाहता हा फरक मला फार अर्थपूर्ण वाटतो.

१८५७ नंतर जहांआरेची सराई जमीनदोस्त करण्यात आली आणि त्या जागी १८६० च्या दशकात टाऊन हॉल उभा राहिला. १८६७ मध्ये आगगाडी यमुना ओलांडून शहरात आली. साहेबांसाठी काश्मिरी दरवाजापलीकडे हॉटेले निघाली, एतद्देशीयांसाठी स्टेशनाच्या आसपास धर्मशाळा बांधल्या गेल्या, आणि ज्या आवारात इराणी सौदागर आणि उझबेक व्यापारी शेजारी शेजारी निजत त्याची जागा जातीपातींच्या आणि प्रांतांच्या वेगळ्या निवाऱ्यांनी घेतली. हर्न याचे ‘सात दिल्ल्यां’वरील पुस्तक १९०६ चे, ‘एवढ्या राजधान्या, एवढे दिवस’ हा हिशेब तेव्हापासून प्रवाशाच्या मनात घट्ट बसला. मेडन्स हॉटेल १९०३ चे, नव्या राजधानीचे उद्घाटन १९३१ चे, आणि युनेस्कोच्या अधिवेशनासाठी सरकारने बांधलेले अशोक हॉटेल १९५६ चे. या शेवटच्यात राज्याने पाहुण्याची सोय पुन्हा एकदा आपल्या अंगावर घेतली खरी, पण ती परराष्ट्रीय प्रतिनिधींपुरती. मराठी माणूस बहुधा पहाडगंजातील बृहन्महाराष्ट्र भवनाचा आसरा शोधतो, आणि घरच्या जेवणाची सोय होते म्हणून त्याचे समाधानही होते.

मेहरौलीची सैर १९४२ मध्ये इंग्रज सरकारने बंद पाडली. १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने ती पुन्हा सुरू झाली, आणि हल्ली ती बहुधा पाऊस उघडल्यावर, शरदाच्या तोंडावर भरते. ज्याला सुट्टी आपल्या सोयीने घेता येत असेल त्याने आधी तिच्या तारखांची चौकशी करावी आणि मग गाडीचे आरक्षण करावे. मुक्कामाला शक्यतो लाडो सराई किंवा कालू सराई अशी दक्षिणेकडील जागा धरावी. पंखा देवीकडे जाईल तो दिवस आणि दर्ग्याकडे जाईल तो दिवस, हे दोन्ही पूर्ण मोकळे ठेवावेत, आणि एक गुरुवारची संध्याकाळ निजामुद्दीनच्या कव्वालीसाठी राखावी. कुतुबमिनार जोगमायेच्या देवळापासून पायी जाण्याइतका जवळ आहे. तो मधल्या कोणत्याही सकाळी पाहता येईल.