स्वयंचिकट टपाल तिकिटे : संग्रहातील दोष

पाठीवर आधीच चिकटद्रव्य असलेली, ओलावा न लावता डकवता येणारी तिकिटे. सिएरा लिओनने १९६४ मध्ये ती प्रथम काढली; तीही नकाशाच्या आकाराची. अमेरिकेचे १९७४ चे कबुतराच्या आकाराच्या वातदर्शकाचे नाताळ तिकीट मात्र बदनाम झाले : चिकटद्रव्य कागदात मुरून त्यावर पिवळट-तपकिरी डाग पडले. कोरे, जपून ठेवलेले नगही सुटले नाहीत.

भारतीय टपाल खात्याची बहुतेक तिकिटे अजूनही गोंदाची. त्यामुळे बेळगाव-निपाणीच्या संग्राहकाला स्वयंचिकट तिकिटांचा त्रास मुख्यतः परदेशातून आलेल्या पाकिटांवर भेटतो. वाटीभर पाण्यात पाकिटाचा तुकडा भिजवून तिकीट अलगद सोडवायची जुनी सवय इथे फसते. अलीकडच्या अनेक अमेरिकी तिकिटांत चिकटद्रव्य पाण्यात विरघळत नाही. ओढल्यास कागद सोलपटतो. काहीजण लिंबूवर्गीय फळांच्या सालीच्या तेलाचे द्रावण वापरतात, मग मागचा चिकटा टाल्कम पावडरीने मारतात.

पाकिटाचा कागद भोवती राखून तिकीट कापून ठेवणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

बेळगावच्या पावसाळी दमटपणात गोंदाची कोरी तिकिटे एकमेकांना चिकटतात. स्वयंचिकट तिकिटांना ती भीती कमी. उन्हाळ्यात मात्र कडेने पाझरणारा चिकटा अल्बमचे पान धरतो.