छातीतले पाणी आणि तीस वर्षांपूर्वीची धूळ



आपल्या पाटोद्याकडे कुणाच्या छातीत पाणी झाले असे कानावर आले की घरची माणसे एकच नाव घेतात – क्षय. पुष्कळदा ते खरेही असते. आपल्या देशात असे पाणी होण्याचे क्षय हे फार मोठे कारण आहे, आणि औषधे नियमाने घेतली तर तो बरा होतो. तेव्हा आजचे भाषण ऐकून कोणी क्षयाच्या गोळ्या बंद करू नयेत, ही पहिली विनंती. मी सांगणार आहे ते क्षयासारख्या दिसणाऱ्या एका दुर्मिळ रोगाविषयी. त्याचे नाव मेसोथेलिओमा. फुप्फुसाभोवती जे पातळ अस्तर असते, त्या अस्तराचा हा कर्करोग.

हा रोग कशाने होतो याचा उलगडा दक्षिण आफ्रिकेत झाला. किंबर्ले हे हिऱ्यांच्या खाणींचे गाव. तेथल्या क्षय-रुग्णालयात स्लेग्ज नावाचे डॉक्टर होते. छातीत पाणी झालेले रुग्ण त्यांच्याकडे येत. पूर्वेकडून आलेल्यांना औषध लागू पडे. पश्चिमेकडून आलेल्या काहींना मात्र काही केल्या गुण येईना. डॉक्टर तेच, औषध तेच, मग फरक कशाचा? तर गावाचा. पश्चिमेकडे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी होत्या.

अ‍ॅस्बेस्टॉस हा दगडच. पण पिंजला तर त्याचे कापसासारखे तंतू निघतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत. म्हणून त्याची दोरी वळली, कापड विणले, बॉयलर आणि वाफेचे नळ त्यात गुंडाळले, मोटारींच्या ब्रेकमध्ये घातला, सिमेंटमध्ये कालवून छपराचे पत्रे केले. मोठा गुणी दगड! पण त्याचे तंतू इतके बारीक की श्वासाबरोबर खोल जातात आणि तेथेच राहतात.

1960 साली वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्चंड या तिघा डॉक्टरांनी अशा 33 रुग्णांची माहिती छापली. त्यांतल्या काहींनी खाणीत कधी काम केलेच नव्हते. नुसते बालपण खाणीजवळ गेले होते. पुढे 1965 साली लंडनमध्ये अशाच रुग्णांची चौकशी झाली, तेव्हा त्यांत नवऱ्याचे कामावरचे कपडे धुणाऱ्या बायकाही निघाल्या. कारखान्याची पायरी न चढता त्यांना कारखान्याचा रोग झाला होता.

इतके दिवस हे कुणाच्या ध्यानात कसे आले नाही? कारण धूळ आज जाते आणि रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उठतो. तोवर माणूस नोकरी सोडून गावी आलेला असतो. मग धाप लागते, छातीत एका बाजूला दुखते किंवा जड वाटते, कोरडा खोकला येतो, वजन उतरते. पाणी काढले की बरे वाटते. थोड्या दिवसांत ते पुन्हा भरते. नुसत्या फोटोवरून निदान होत नाही, अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागतो. आणि बिडीचा दोष येथे नाही, हेही सांगतो. (म्हणून बिडी ओढावी असे नव्हे, अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ आणि बिडी एकत्र आली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फारच वाढतो.)

आपल्याकडचे काय? मुंबईच्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी 2005 साली प्रसिद्ध केली. त्यांत फुप्फुसे राठ होण्याचा अ‍ॅस्बेस्टॉसिस हा रोग अनेकांना आढळला. तो वेगळा रोग, पण धूळ तीच. घरावरचा धड पत्रा सहसा त्रास देत नाही; तो करवतीने कापताना, भोक पाडताना, फोडताना धूळ उडते.

उपचारांची वाट अवघड आहे. पाणी पुन्हा भरू नये म्हणून छातीत शंखजिऱ्याची निर्जंतुक पूड सोडून दोन अस्तरे चिकटवतात. त्याने धाप कमी होते. 2003 साली पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन ही औषधे जोडीने देऊन पाहिली, तेव्हा नुसत्या सिस्प्लॅटिनवरचे सरासरी 9 महिन्यांचे आयुष्य 12 महिन्यांवर गेले. पुढे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला जागे करणारी दोन औषधे आली. त्यांनी 14 महिन्यांचे 18 केले. औषधे महाग आहेत, आणि मिळते ते काही महिन्यांचेच. पण घरातल्या माणसाला चार महिने थोडे नव्हेत. मोठ्या शस्त्रक्रियेवर पुष्कळांची भिस्त होती; 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत मात्र नुसत्या औषधांवरचे रुग्णच अधिक जगले. असा निकाल छापायलाही प्रामाणिकपणा लागतो.

राहता राहिला कागद. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे किंवा काम सुटल्यावर 15 वर्षे, यांत जे नंतर येईल तोवर कारखान्याने ठेवावी. पण ठेकेदाराच्या हाताखाली राबलेल्या माणसाजवळ कसली नोंद असणार? मुंबई-पुण्याला उमेदीची वर्षे घालवून परतलेली माणसे आपल्या गावांतून आहेत. गुरुजींनी एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसावे आणि लिहून घ्यावे – कारखाना कोणता, साल कोणते, काम काय, धूळ कसली, कपडे घरी कोण धुई. तो कागद दवाखान्याच्या कागदांबरोबर ठेवावा, आणि छातीत पाणी झाले तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी तो त्यांच्यापुढे धरावा.